गोंद लावूनही खुर्ची पुन्हा का डुगडुगते

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. खुर्ची हलायला लागली, फटीत गोंद ओतला, दोरीने आवळून रात्रभर ठेवली, सकाळी एकदम घट्ट. दोन-तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तोच सांधा, तीच कुरकुर. मग पुन्हा गोंद, या वेळी जरा जास्त. नंतर खिळा. खिळ्यानंतर लोखंडी पट्टी. एका खुर्चीवर हे सगळे उपाय मी स्वतः केले आहेत. शेवटी ती उघडली तेव्हा सांध्यातून गोंदाचे तीन पापुद्रे निघाले, आणि त्यांच्याखालच्या लाकडाला नव्या गोंदाचा स्पर्शही झालेला नव्हता.

पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून वाळतो आणि तिथेच धरतो. ती छिद्रं जुन्या गोंदाने बुजलेली असली की नव्याला शिरायला जागा राहत नाही, आणि वाळलेल्या पीव्हीएवर ओला पीव्हीए धड चिकटत नाही. फटीत वरून ओतलेला गोंद तर बहुतेक तोंडाशीच अडकतो. वाळल्यावर त्याचं बूच होतं, म्हणून सकाळी सांधा घट्ट वाटतो. चार वेळा कोणी मागे रेललं की बूच निसटतं. तेव्हा हलणारा सांधा आधी उघडायचा, लाकूड दिसेपर्यंत साफ करायचा आणि मगच चिकटवायचा. वेळ जातो तो उघडण्यात आणि साफ करण्यात. प्रत्यक्ष चिकटवणं दहा मिनिटांचं काम आहे.

सांधा सैल होतो कशाने

घरातल्या लाकडी सामानात खुर्चीइतके हाल कुणाचेच होत नाहीत. टेबल आणि कपाट आपल्या जागी उभी असतात. खुर्ची ओढली जाते, कलंडते, तिच्यावर माणूस धपकन बसतो आणि मागे रेलून पुढचे पाय उचलतो. या रेलण्याचा ढोबळ हिशेब करून पाहा. पाठीच्या वरच्या पट्टीपासून बैठकीच्या सांध्यापर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असतं आणि तो सांधा उंचीला जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे पाठीला १० किलोचा रेटा दिला की सांध्यापाशी त्याचा ९० किलोच्या आसपास ताण होतो, आणि तो दोन बाजूंच्या दोन सांध्यांत वाटला जातो. खालचे आडवे दांडे शाबूत असतील तर त्यातला काही भार ते उचलतात. म्हणूनच मागचा पाय आणि बाजूची पट्टी यांचा सांधा जवळपास नेहमी सगळ्यांत आधी जातो. तपासणी तिथूनच सुरू करा.

दुसरं कारण हवेतल्या ओलाव्याचं. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत तंतूंच्या लांबीच्या दिशेने ०.१ ते ०.२ टक्केच आकसतं. तंतूंना आडव्या दिशेने मात्र हा आकडा कित्येक टक्क्यांवर जातो. कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेल्या सागातही वाढीच्या वलयांच्या दिशेने तो ६ टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. आता सांध्यात काय घडतं ते पाहा. पट्टीच्या टोकाला कोरलेलं कुसू पायातल्या खाचेत बसलेलं असतं. पायाचे तंतू उभे, पट्टीचे आडवे. दमट दिवसांत कुसू फुगू पाहतं, खाचेच्या भिंती जागा देत नाहीत, आणि त्याचे तंतू आतल्या आत चेपले जातात. कोरडे दिवस आले की ते आकसतं, पण चेपलेले तंतू पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. वर्षाला केसभर फरक पडतो आणि वीस-तीस वर्षांत हाताला जाणवेल एवढी फट तयार होते. यात खुर्ची बनवणाऱ्याचा दोष नसतो.

गोल भोकात गोल दांडा बसवलेल्या खुर्च्या आणखी लवकर सुटतात. गोल भोकाच्या भिंतीवर बराचसा भाग तंतूंच्या कापलेल्या टोकांचा असतो, आणि अशा टोकांवर गोंदाची पकड कच्ची राहते. चिकटायला खरी उपयोगी जागा भोकाच्या दोन बाजूंना थोडीशी मिळते, एवढंच. चौकोनी कुसवाचे दोन्ही रुंद गाल, म्हणजे सपाट बाजू, मात्र पूर्ण कामी येतात.

नेमकं काय हलतंय

खुर्ची आधी दुसऱ्या जागी, खात्रीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहा. तिथे डुगडुग थांबली तर दोष जमिनीचा. खुर्ची डुगडुगते पण हाताने रेटल्यावर तिची चौकट जरासुद्धा हलत नसेल, तर सांधे ठीक आहेत. पायांची लांबी कमीजास्त आहे किंवा चौकट पिळलेली आहे. चौकटच लवत असेल, तर सांधा.

सांधा शोधायला पुढच्या पट्टीवर गुडघा टेकवा, एका हाताने पाठ पुढे-मागे करा आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्याच्या रेषेवर असं ठेवा की अर्धं पायावर येईल आणि अर्धं पट्टीवर. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला कळते. हलणाऱ्या प्रत्येक सांध्यावर कागदी टेपचा तुकडा लावा. जास्त आवाज करणाऱ्या एकाच सांध्यावर थांबू नका. एक घट्ट केला आणि त्याच्या शेजारचा सैल सोडला, तर सगळा ताण घट्ट केलेल्यावर येतो आणि दुरुस्ती पुन्हा फसते. पण जो सांधा खरोखर पक्का आहे त्याला हात लावू नका.

मग चुंबक घ्या आणि प्रत्येक सांध्यावरून फिरवा. रंगाखाली किंवा लुकणाखाली कुणी पूर्वी ठोकलेला खिळा असला तर तो इथेच सापडेल. तो काढल्याशिवाय सांधा ठोकून उघडायला गेलात तर कुसू उभं चिरतं. सांध्यावर गोल ठिपका दिसला तर आरपार लाकडी खुंटी असण्याची शक्यता आहे. ती तेवढ्याच जाडीच्या ड्रिलने आधी पोखरून काढावी लागते.

वाकवलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या खुर्च्यांचं प्रकरण वेगळं आहे. लाकूड वाकवून खुर्च्या बनवणारे कारखानदार मिखाएल टोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी राहते. सुट्या करून अशा ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. या घडणीची खुर्ची हलत असेल तर गोंदाची बाटली बाजूला ठेवा आणि खालचे स्क्रू आवळा. भोक मोठं होऊन स्क्रू नुसताच फिरत असेल, तर लाकडाची काडी गोंद लावून भोकात दाबा, वाळल्यावर कापून सपाट करा, मधोमध बारीक भोक पाडा आणि तोच स्क्रू परत बसवा. त्याऐवजी जाड स्क्रू घातला तर जुनं लाकूड फाटतं. बैठकीखालच्या कोपऱ्यांत तिरके ठोकळे बसवलेल्या खुर्च्यांनाही हाच उपाय लागू पडतो. पुष्कळदा खरं दुखणं एवढंच असतं की चारांपैकी दोन ठोकळे कधीच गळून पडलेले असतात आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

उघडताना

सुरुवातीला प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून एकच आकडा लिहा आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. दिसायला सारखे असलेले दोन दांडे क्वचितच एकमेकांच्या जागी बसतात.

जुना गोंद कोणता आहे ते ओळखता आलं तर काम निम्म्यावर येतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक फर्निचर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, चिकटवलेलं असे. सरस तपकिरी असतो, काचेसारखा तडकतो आणि गरम पाण्याचा थेंब टाकला की चिकट होतो. पीव्हीए पांढरट किंवा फिकट पिवळा, थोडासा रबरासारखा. ओला झाला की दुधाळ दिसतो. कडक, चकचकीत आणि पाण्याला अजिबात दाद न देणारा बहुतेक एपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायचा गोंद, असतो.

सरस असेल तर सिरिंजने फटीत गरम पाणी सोडा आणि थांबा. सांधा हळूहळू हलवत राहिलात तर तो आपणहून सुटतो. स्पिरिटनेही सरस ठिसूळ होऊन सुटतो, पण जुनं लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यामुळे पॉलिश जपायचं असेल तर पाणीच बरं. पीव्हीएसाठी कोमट पांढरं व्हिनेगर सिरिंजने आत सोडा आणि केस वाळवायच्या यंत्राने सांधा गरम करा. उष्णतेने हा गोंद मऊ पडतो. एपॉक्सीही तापवल्यावर काहीसा नरमतो, पण तो सांधा शाबूत सुटेलच असं धरून चालू नका.

ठोकायला लाकडी हातोडा घ्या आणि मध्ये फळीचा तुकडा धरा. घाव सांध्याच्या अगदी जवळ घालायचा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. पाय लांबच्या टोकाला धरून उपटला की कुसू मोडतं. उलटा लावून पसरवता येणारा क्लॅम्प, म्हणजे लाकूड आवळून धरायचा शिकंजा, जवळ असेल तर हातोड्याची गरजच पडत नाही. दोन पायांच्या मध्ये लावून थोडं फिरवायचं, जरा थांबायचं, पुन्हा थोडं.

लाकूड दिसेपर्यंत

दुरुस्ती टिकणार की नाही हे इथे ठरतं, म्हणून घाई करू नका. कुसू पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो, पण तो टाळा. पॉलिश पेपर गोंदाबरोबर लाकूडही खातो, कडा गोल करतो, आणि आधीच सैल असलेलं कुसू आणखी बारीक होतं. धारदार पटाशी जवळजवळ उभी धरा आणि तिच्या धारेने गोंद खरवडा. गोंद पापुद्र्यासारखा निघतो आणि खाली लाकडाचा मूळ रंग दिसतो. तो दिसला की थांबा. खाचेच्या आत अरुंद पटाशी चालवा. गोल भोकासाठी त्याच मापाचं ड्रिलचं पातं नुसत्या हाताने फिरवा, यंत्राने नको. यंत्राने भोक हमखास मोठं होतं. सरस असेल तर गरम पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश एवढं पुरतं. पाणी किंवा व्हिनेगर वापरलं असेल तर सगळे भाग किमान एक दिवस वाळू द्या. ओलं कुसू फुगलेलं असतं. ते तसंच चिकटवलं तर वाळताना पुन्हा सैल होईल.

पुन्हा सरसच वापरणार असाल तर एवढी झटापट लागत नाही. गरम ताजा सरस जुन्या सरसाला विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे वरवर साफ केलं तरी चालतं. जुन्या खुर्च्या दुरुस्त करणारी जाणकार माणसं सरस सोडत नाहीत त्याचं हेही एक कारण. दुसरं असं की पन्नास वर्षांनी कुणाला ती खुर्ची उघडायची झाली तर उघडता येते. सरसाचे दाणे आधी थंड पाण्यात भिजवून मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ६० अंश सेल्सियसच्या आसपास पातळ करतात. उकळला तर त्याचा जोर जातो. पहिल्यांदाच करत असाल तर पांढरा गोंदही उत्तम काम देतो, फक्त लाकूड स्वच्छ हवं. झटपट चिकटणारा गोंद खुर्चीसाठी घेऊ नका. तो ठिसूळ असतो आणि हिसक्याने तडकतो. फेस येऊन फुगणारा पॉलियुरेथेन गोंद फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात ताकद नसते.

आता गोंदाशिवाय सगळी खुर्ची जुळवून पाहा. कुसू हाताच्या दाबाने आत जायला हवं आणि पट्टी उचलली तर पाय गळून पडता कामा नये. कुसू पोकळीत खुळखुळत असेल तर गोंद ती पोकळी भरून काढणार नाही, कारण पांढऱ्या गोंदाचा जाड थर कमकुवत असतो. गोंदात लाकडाचा भुसा कालवून भरण्यानेही काही साधत नाही. कुसवाच्या गालावर पातळ लाकडाची पट्टी चिकटवा, तंतूंची दिशा कुसवाच्या तंतूंसारखीच ठेवून. रंध्याने निघालेली लांब सलग सालसुद्धा चालते. वाळल्यावर थोडं थोडं खरवडत मापावर आणा. गोल टोकाला अशीच साल गुंडाळता येते. भोक वेडंवाकडं झिजलं असेल आणि साल नीट बसत नसेल, तर एपॉक्सी वापरणं योग्य, कारण तो पोकळी भरूनही ताकद धरतो. मात्र त्यानंतर तो सांधा पुन्हा सहजी उघडणार नाही, हे मनाशी ठरवूनच वापरा.

चिकटवणं आणि आवळणं

पांढरा गोंद पाच-दहा मिनिटांत धरायला लागतो, म्हणून क्लॅम्प, कापडाच्या घड्या आणि ओलं फडकं आधीच हाताशी ठेवा. एका दमात सगळी खुर्ची जुळवू नका. पहिल्या दिवशी मागची चौकट आणि पुढची चौकट वेगवेगळ्या चिकटवा. दुसऱ्या दिवशी बाजूच्या पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडा. गोंद प्रामुख्याने खाचेच्या भिंतींना लावा आणि कुसवाला फक्त पातळ हात द्या. सगळा गोंद कुसवावर थापला तर आत जाताना तो तोंडाशीच पुसला जातो.

क्लॅम्प नसले तर मजबूत दोरीचे दोन वेढे चारी पायांभोवती घ्या, वेढ्यांमध्ये काठी अडकवा आणि पिळत जा. पाहिजे तेवढी आवळली की काठी पट्टीला टेकवून अडकवून ठेवा. दोरी काचू नये म्हणून कोपऱ्यांवर जाड पुठ्ठा लावा. ही जुनी युक्ती चांगल्या क्लॅम्पच्या तोडीची आहे. आवळून झाल्यावर ताबडतोब बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पुढचा भाग रुंद आणि मागचा अरुंद असला तरी दोन्ही कर्ण सारखेच यायला हवेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दाबून तो घालवा. मग खुर्ची सपाट पृष्ठभागावर उभी करा, चारही पाय टेकतात ना पाहा आणि बैठकीवर वजन ठेवा. हे राहून गेलं तर खुर्ची पिळलेल्या अवस्थेतच वाळते आणि घट्ट सांध्यांची खुर्ची कायमची डुगडुगत राहते. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या डागावर पॉलिश चढत नाही. नंतर पूर्ण २४ तास कुणालाही बसू देऊ नका.

मोडलेलं कुसू, तडकलेला पाय, आखूड पाय

कुसू खाचेत मोडलं असेल तर उरलेलं टोक सपाट कापा, खाचेतला तुकडा ड्रिलने आणि पटाशीने काढा आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडून लाकडी खुंट्या बसवा. खुंटीची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी असावी. २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला ८ किंवा १० मिलिमीटरची खुंटी, प्रत्येक बाजूला साधारण २५ मिलिमीटर आत. एका सांध्यात दोन खुंट्या घाला, नाहीतर पट्टी खुंटीभोवती फिरते. खुंटीवर लांबीच्या दिशेने खाचणी असायला हव्यात आणि भोक दोन-तीन मिलिमीटर जास्त खोल असायला हवं. तसं नसेल तर कोंडलेल्या गोंदाला वाट मिळत नाही आणि ठोकताना धडधाकट पाय उभा फुटतो. हे मी एकदा अनुभवलं आहे, आणि त्या पायाचं काम सांध्याच्या कामापेक्षा कितीतरी जास्त झालं.

पाय तंतूंच्या दिशेने लांब, तिरका चिरला असेल तर नशीब चांगलं. चिरेत धूळ जाण्याआधी गोंद सुरीच्या पात्याने खोलवर ढकला आणि आवळा. असा जोड पक्का होतो. आडवा, काटकोनात तुटलेला पाय मात्र नुसत्या गोंदाने कधीच राहत नाही. त्यात खुंटी हवी किंवा पाय नवा हवा.

चारही सांधे पक्के आणि तरी खुर्ची डुगडुगते, तेव्हा एक पाय कापून बघू, मग दुसरा, असं करू नका. खुर्ची बुटकी होत जाते आणि डुगडुग तशीच राहते. सपाट फळीवर खुर्ची उभी करा. आखूड पायाखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारत ती स्थिर करा. एका लहान ठोकळ्यावर पेन्सिल आडवी टेकवून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेषा मारा आणि त्या रेषेवर कापा. फरक दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कापण्याऐवजी आखूड पायाखाली नमद्याची चकती चिकटवणं मला जास्त बरं वाटतं.

सगळं करूनही पुन्हा सुटली तर

गोंद, साफसफाई, आवळणं सगळं नीट झालं आणि तरीही सांधा सहा महिन्यांत सुटला, तर तीन गोष्टी पाहा. पहिली, खाचेच्या भिंतीला केसासारखी उभी चीर आहे का. ती असली तर कुसू कितीही घट्ट बसवलं तरी भिंत बाजूला होत राहते. आधी चीर उघडून चिकटवा, मगच सांधा. दुसरी, खालचा एखादा आडवा दांडा गायब आहे किंवा नुसता टेकलेला आहे का. वरचा सांधा एकट्याने सगळा भार झेलतोय असा त्याचा अर्थ. तिसरी, कीड. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली ताजी, फिकट पूड दिसली तर आतलं लाकूड भुसभुशीत झालेलं असू शकतं, आणि भुशाला गोंद धरत नाही. ती खुर्ची इतर सामानापासून लांब ठेवा, आधी कीड मारा आणि कुसू दाभणाने टोचून पाहा. दाभण सहज आत गेलं तर ते कुसू कापून खुंटीच घालावी लागेल.

जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ श्वासावाटे जाते, लहान मुलांना तर फारच घातक. सांध्यापुरता रंग ओला करून खरवडला तरी काम होतं.

सांधे वाळले, दोऱ्या सुटल्या की खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या पट्टीवर आतल्या बाजूने पेन्सिलने तारीख, कोणता सांधा उघडला आणि कोणता गोंद वापरला ते लिहा. पुढच्या वेळी ती उघडणाऱ्याला गरम पाणी घ्यायचं की व्हिनेगर, हे शोधत बसावं लागणार नाही.